घोरणाऱ्यांची केबिन

१

सुधीरकाकांच्या जीवावर उठलेल्या माणसाने शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, काकांच्याच हॉलमध्ये, काकांच्याच सोफ्यावर बसून गुन्हा कबूल केला आणि मग दुसरा कप चहा मागितला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही अजून घडलेलंच नाही. आपण त्याच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून सुरुवात करू, जेव्हा सगळे जिवंत होते आणि माझ्या डब्यात भेंडी होती.

मी सिद्धेश. ठाण्यात वागळे इस्टेटला कामाला आहे. समुद्रात क्रूझवर कुणी आजारी पडलं की जहाजाचा डॉक्टर आमच्या ऑफिसात फोन करतो आणि आम्ही त्या माणसाला किनाऱ्यावर आणायची सोय करतो. बोट, कधी हेलिकॉप्टर, अँब्युलन्स, हॉस्पिटलात खाट. चार वर्षांत मी दोनशे अकरा माणसं समुद्रातून काढली आहेत. स्वतः जहाजावर पाय ठेवलेला नाही. मला खाडीपुलावरून जातानासुद्धा मळमळतं.

आमच्या फॉर्मवर रुग्णाचं नाव अकराव्या रकान्यात आहे. आधी जहाज, ठिकाण, केबिन, वय, नाडी, मग नाव. हे मुद्दाम केलंय. नाव कळलं की माणूस हळवा होतो आणि हळवा माणूस अक्षांश चुकीचे लिहितो.

अकरा वाजता फोन वाजला. लाइनवर जहाजाचा डॉक्टर. पाठीमागे कुणी तरी बाई रडत होती. हे नेहमीचंच.

"केबिन ७११४. पुरुष, वय अडुसष्ट. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बेशुद्ध पडले. रक्तातली साखर अडतीस."

मी लिहिलं, अडतीस. सत्तरच्या खाली गेली की हातपाय कापतात. अडतीसला मेंदू उपाशी मरायला लागतो.

"सलाइनमधून साखर दिली, उठून बसले. चहा मागितला. दीड तासाने पुन्हा बेशुद्ध. आता बत्तीस."

"डायबेटिस?"

"नाही. ग्रुपमध्ये चौदा जण आहेत. चौदाच्या चौदा फॉर्मवर ‘डायबेटिस नाही’ लिहिलंय. साखर कशी पडतेय, मला कळत नाही. मी यांना इथे ठेवू शकत नाही."

"जहाज कुठे आहे?"

"रत्नागिरीसमोर. तीस मैल आत."

"नाव?" मी विचारलं. अकरावा रकाना.

"सुधीर दांडेकर."

माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असतं. त्याच्यावर माझं आडनाव आहे. मी ते वाचलं. दांडेकर. मग पाठीमागे रडणाऱ्या बाईचा आवाज ओळखला. ती सुमतीकाकू होती.

आणि ही क्रूझची तिकिटं स्टाफ डिस्काउंटमध्ये मीच काढून दिलेली.

२

जहाजाच्या पोटात, पाण्यापासून जेमतेम पुरुषभर उंचीवर एक लोखंडी दार असतं. रुग्णाला तिथून बाहेर काढतात. खाली बोट येऊन लागते. ती लाटेबरोबर कधी दाराच्या वर जाते, कधी खाली. मधल्या ज्या क्षणाला दोन्ही सारख्या उंचीवर येतात, त्या क्षणाला स्ट्रेचर सरकवायचं. क्षण चुकला तर काय, हे आमच्या फॉर्मवर नाही.

"सिद्धू, ते ह्यांना पट्ट्याने बांधतायत रे," काकू फोनवर म्हणाली.

"बांधू दे काकू. पडू नयेत म्हणून."

"आणि मला म्हणतात उडी मार. अरे, मी साडी नेसलेय."

"काकू, खाली बघू नकोस."

"खाली बघितल्याशिवाय उडी कशी मारू?"

हे तिचं बरोबर होतं. पुढची चाळीस सेकंदं फोनवर फक्त वारा होता. मी दोनशे अकरा माणसं काढली, पण ही चाळीस सेकंदं कशी असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मग काकूच्या ओकारीचा आवाज आला. माझ्या आयुष्यात मी इतका सुखद आवाज ऐकलेला नाही.

केबिनमधलं सामान जहाजाच्या पोऱ्याने घाईघाईत बॅगेत कोंबलं आणि नियमाप्रमाणे त्याची यादी मला मेल केली. यादी अशी: लेंगे तीन, कानटोपी एक, दुर्बीण एक, चकलीचा डबा एक (अर्धा), व्हिटॅमिनची बाटली एक, हनुमानाचा फोटो एक, कवळी एक. ही कवळी नंतर दुसऱ्याच माणसाची निघाली. मे महिन्यात अरबी समुद्रावर कानटोपी घेऊन जाणारा माणूस माझा काका आहे, याचा मला त्या परिस्थितीतही अभिमान वाटला.

रत्नागिरीत दोन दिवस हॉस्पिटलात साखर एकदम ठीक. शंभर, एकशे दहा. डॉक्टर म्हणाले, समुद्र बाधला असेल. शनिवारी काका ठाकुर्लीला घरी आले. रविवारी वरणभात जेवले.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ते बाथरूममध्ये पडले. साखर तीस. आणि या वेळी आसपास समुद्र नव्हता.

३

ठाण्याच्या हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते आणि हसत नव्हते. त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये घेतलं.

"तुमचे काका डायबेटिक नाहीत. उपाशी नव्हते. लिव्हर, किडनी सगळं ठीक. अशा माणसाची साखर वर चढवली तरी पुन्हा पुन्हा खाली येते, याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"नाही."

"डायबेटिसचं औषध पोटात जातंय. जहाजावर गेलं. हॉस्पिटलात होते तेव्हा गेलं नाही. घरी आल्यावर पुन्हा गेलं."

मी भिंतीला टेकलो. भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं. मी सातही पायऱ्या वाचल्या.

"रक्त तपासायला पाठवलंय, रिपोर्टला आठवडा लागेल," ते म्हणाले. "शुक्रवारी मला त्यांना घरी सोडावं लागेल, कारण इथे आता ते ठणठणीत आहेत. पण पुन्हा झालं आणि झोपेत झालं, तर कुणाला कळणारही नाही. सकाळी चहा घेऊन जाल, तेव्हा कळेल."

त्याआधी त्यांनी खाटेजवळ काकांना विचारलेलं. आम्ही सगळे भोवती उभे होतो: काकू, सून नीरजा, मी.

"काका, बीपीच्या गोळीशिवाय दुसरं काही घेता? गोळी, चूर्ण, काढा?"

काकांनी आधी काकूकडे बघितलं. मग छताकडे. मग म्हणाले, "छे. काही नाही."

ती नजर मी पाहिली. तिच्यात भीती होती. मी त्याचा अर्थ लावला. सत्तेचाळीस वर्षांचा संसार आणि हा माणूस स्वतःच्या बायकोला घाबरून गप्प बसलाय.

म्हणजे विष घरातलंच कुणी तरी देत होतं.

४

पोलिसांत जायचं तर नाव कुणाचं सांगायचं? काकूचं? म्हणून मी आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर गेलो. तिथे रंगूबाई राहतात. आम्ही मावशी म्हणतो. पालिकेच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं सिस्टर होत्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्यासमोर माणूस खोटं बोलायला लागला की त्या त्याची नाडी धरतात आणि सोडत नाहीत. कित्येक जण दुखणं नसताना खरं बोललेत.

मी सगळं सांगितलं. यादीही दाखवली. मावशींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे म्हणतोस?"

"आज धरून तीन दिवस."

"मग आज बुधवार निघायच्या आत सगळ्यांना भेटू. तू बोलायचं नाहीस. तू बोललास की लोक हसतात आणि हसणारा माणूस सावध होतो."

पहिली काकू. ओट्याशी उभी राहून डाळ निवडत होती. आधीच निवडलेली डाळ.

"सुमतीताई, काढा देता म्हणे तुम्ही त्यांना?"

"कारल्याचा. हो. चमचाभर. म्हणजे मीच मारलं म्हणा ना सरळ!"

"जहाजावर दिलेलात?"

"जहाजावर कारली कुठून आणू? आणि रात्री तिथे मी त्यांच्या केबिनमध्ये नव्हतेच."

"नवऱ्याच्या केबिनमध्ये नव्हता?"

"ते प्रशांतला विचारा. सगळं त्याने ठरवलेलं."

मावशींनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. खडा खरंच होता. "आल्यावर त्यांची बॅग कुणी उपसली?"

"त्यांनीच." काकूचा हात थांबला. "बघा ना. सत्तेचाळीस वर्षांत स्वतःचा बनियन कधी घडी नाही केला. रविवारी म्हणाले, तू दमलीस, मी लावतो कपाट. मला वाटलं, मरता मरता वाचले, सुधारले असतील."

दुसरी नीरजा. माझा चुलतभाऊ मुकुल दुबईला असतो आणि त्याची ही बायको डोंबिवली पूर्वेला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. संशय घ्यायला याहून सोयीची सून मिळणार नाही. ती आम्हाला काउंटरवर भेटली, पाठीमागे गोळ्यांची भिंत.

"डायबेटिसच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. चारशे पाकिटं," ती म्हणाली. "मोजून घ्या. एक कमी निघाली तर मला घेऊन चला."

"बाबांशी भांडण झालं होतं ना तुमचं?" मावशींनी विचारलं.

"क्रूझला जाऊ नका म्हणाले मी. अडुसष्ट वय, बीपी. तर म्हणाले, तू मला म्हातारा समजतेस." तिचे डोळे भरले. "मावशी, मी दुकानात असते, मला माहितीये ही गोळी काय करते. घरी आल्यावर दोन्ही रात्री दारावर कान ठेवून त्यांचा श्वास ऐकत होते मी. तरी सोमवारी मी इथे होते आणि ते तिकडे पडले."

बाहेर येताना मी म्हणालो, "रडली."

"पापणी भिजली की नाही ते मी पाहिलं," मावशी म्हणाल्या. "भिजली."

मग त्या रिक्षात बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "सिद्धेश, सुमतीताई म्हणाल्या, जहाजावर जायच्या आधी त्यांना गोळी तू दिलेलीस ना?"

रिक्षावाल्याने आरसा माझ्याकडे वळवला.

५

दिलेली. उलटी होऊ नये म्हणून चार गोळ्यांचं पान. प्रवासाच्या आदल्या दिवशी. मी हे कुणाला बोललो नव्हतो, कारण दोन दिवस मी स्वतःलाच बोललो नव्हतो.

"पान बॅगेत नाही यादीप्रमाणे," मावशी म्हणाल्या. "कुठे गेलं?"

"काकूने खाल्लं. तिला आधीच मळमळायला लागलेलं."

"मग तू सुटलास. सध्या."

तिसरे प्रशांत. सहलीचे आयोजक. निवृत्त शिक्षक, शिट्टी अजून गळ्यात. कॅरिओकेच्या कार्यक्रमात काकांनी यांच्या पाळीचं गाणं गायलेलं, त्यावरून डेकवर भांडण झालेलं. त्यानंतर यांनी काकांना समेटाचं लिंबू सरबत पाजलेलं.

"सरबत सगळ्यांनी प्यायलं," प्रशांत म्हणाले. "आणि सुधीरने ते गाणं वरच्या पट्टीत लावलं, हेही नोंदवून ठेवा."

"केबिन कशा वाटल्यात?" मावशींनी विचारलं.

"शास्त्रशुद्ध. नवरा-बायको हा निकष चुकीचा आहे. मी निकष ठेवला घोरण्याचा. निघायच्या आधी प्रत्येकाकडून घोरण्याची तक्रार मागवली. न घोरणारे एकीकडे. मध्यम घोरणारे मध्ये. सुधीर आणि चांगदेव हे दोघे सगळ्यांत वरचे. त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला, ७११४." ते अभिमानाने थांबले. "एकही तक्रार आली नाही. फक्त एक जण बेशुद्ध पडला."

चौथे हे चांगदेव. महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त, जुन्नरकडचे, काकांचे तीस वर्षांचे दोस्त. लग्नात आठ गुलाबजाम खाणारा माणूस म्हणून कल्याणपर्यंत प्रसिद्ध. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते तांब्याने पाणी पीत होते. आम्ही बसेपर्यंत दोन तांबे झाले.

"तुम्ही बारीक झालात हो," मावशी म्हणाल्या.

"चार किलो!" चांगदेवांची बायको बायजाबाई आतून म्हणाल्या. "समुद्राची हवा मानवली ह्यांना. मला एक दिवस ओकाऱ्या, आणि हे बघा कसे सडपातळ."

"सुधीर कसाय?" चांगदेवांनी विचारलं. त्यांचा आवाज कोरडा होता. "मी रोज जातो ठाण्याला. आत सोडत नाहीत. गेटवर उभा राहतो."

"मंगळवारी तुम्ही त्यांच्या घरी पण गेलेलात ना?" मावशी म्हणाल्या. "सुमतीताई सांगत होत्या. बेडरूममध्ये, कपाट उघडून."

चांगदेवांनी तिसरा तांब्या उचलला. "माझी कवळी शोधत होतो. चुकून त्यांच्या बॅगेत गेलेली."

मी बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून बोललो नाही. पण ती कवळी मी स्वतः रविवारी त्यांना परत दिलेली. म्हणजे मंगळवारी ते कवळी शोधत होते तेव्हा ती त्यांच्या तोंडात होती.

"बाथरूम वापरू का?" मावशींनी विचारलं.

"वापरा, पण बघून हां," बायजाबाई म्हणाल्या. "मेल्या मुंग्या झाल्यात चार दिवस. फिनेल टाकते, खडू ओढते, पुन्हा येतात. स्वयंपाकघरात एक नाही, आणि तिथे मात्र रांग!"

मावशी बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. जिन्यात त्यांनी माझा दंड पकडला.

"सिद्धेश, एक नाही. दोन माणसं मरायला टेकलीत."

६

शुक्रवारी एक वाजता काका घरी आले. लिफ्ट बंद होती, म्हणून खुर्चीत बसवून तीन मजले आणले. हॉलमध्ये सगळे जमलेले: काकू, नीरजा, प्रशांत, चांगदेव, बायजाबाई. मावशींनीच बोलावलेले, भेटायला म्हणून. काका फिकट दिसत होते. सगळ्यांना बघून हसले आणि म्हणाले, "कपडे बदलून येतो."

ते आत गेले. मावशींनी मला खुणेने बसवलं आणि घड्याळ पाहिलं.

"डॉक्टर म्हणाले, गोळी पोटात गेली. ती उडून जात नाही. कुणी तरी देतं किंवा माणूस स्वतः घेतो," त्या म्हणाल्या. "काढा जहाजावर नव्हता. सरबत सगळ्यांनी प्यायलं. नीरजा जहाजावर नव्हती. उरली सिद्धेशची यादी."

त्यांनी यादी उघडली.

"सुमतीताई, सुधीरभाऊ व्हिटॅमिन घेतात?"

"ह्यांनी? व्हिटॅमिनला ते थोतांड म्हणतात."

"यादीत एक बाटली आहे. आणि यादीत एक कवळी होती, जी त्यांची नव्हती. घाईत भरणाऱ्या पोऱ्याने दोन माणसांचं सामान एका बॅगेत घातलं. कवळी परत गेली. बाटली कुठे आहे?"



"सुधीरभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा बॅग स्वतः उपसली," मावशी म्हणाल्या. "ज्याला काही लपवायचं असतं, तोच नवरा स्वतः कपाट लावतो. रविवारी लावलं, सोमवारी पडले. आता मला सांगा, केबिनमध्ये दुसरा माणूस कोण..."

त्या थांबल्या. माझंही लक्ष तिकडेच गेलं.

चांगदेवांची खुर्ची रिकामी होती. खाली तांब्या लवंडलेला.

आणि बेडरूमच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

७

"सुधीर!" आतून चांगदेवांचा आवाज. मग काही तरी पडल्याचा. मग काकांचा घुसमटलेला, गळा आवळल्यासारखा "अं... अं..."

काकूने किंकाळी मारली. मी दारावर खांदा मारला. दार सागवानी होतं, काकांनी स्वतः निवडलेलं, पन्नास वर्षं टिकेल म्हणून. माझा खांदा तेवढा टिकेल असं वाटेना. प्रशांतने शिट्टी फुंकली. त्याने काही झालं नाही, पण त्यांना बरं वाटलं असावं.

तिसऱ्या धडकेला कडी निघाली.

चांगदेव काकांच्या छातीवर होते. एका हाताने त्यांनी काकांचे गाल दाबलेले, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या तोंडात. दोघांचे डोळे बाहेर आलेले. जमिनीवर कानटोपी पडलेली, तिच्यातून एक बाटली अर्धी बाहेर.

मी चांगदेवांची मान पकडली. आणि तेव्हा मला ते काय म्हणत होते ते ऐकू आलं.

"थुंक! अरे थुंक, सुध्या, थुंक ते!"

काका थुंकले. दोन छोट्या हिरव्या गोळ्या, अजून कोरड्या, लादीवर उडाल्या आणि पलंगाखाली गेल्या.

चांगदेव मागे सरकून भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

८

दोन वाजून दहा मिनिटं झालेली. हॉलमध्ये चहा झाला. चांगदेवांनी सोफ्यावर बसून सांगितलं.

"पाच वर्षं झाली मला डायबेटिस होऊन. हिला सांगितलं असतं तर गोड बंद. माझं आहे काय दुसरं? चार लोकांत नाव आहे ते गोड खाण्याचं. ठाण्याच्या डॉक्टरकडे जायचो, पेन्शनचं काम सांगून. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत. जहाजाच्या फॉर्मवर पण नाही लिहिलं, हीच भरत होती फॉर्म."

"मग सुधीरभाऊंना का दिल्यात?" मावशींनी विचारलं. त्यांनी चांगदेवांचं मनगट धरलेलं होतं.

"पहाटे घेताना त्याने बघितलं. विचारलं, कसल्या रे? मी म्हणालो, ताकदीच्या. म्हणाला, मलाही दे. आपल्यात कुणी गोळी मागितली तर नाही म्हणतात का? नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं."

हे खरं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला एखाद्या गोळीने बरं वाटलं की ती गोळी वाटीभर साखरेसारखी मजल्या-मजल्यावर फिरते. घरी परत येताना वाटीत दुसरी गोळी असते.

"एकाने काय होतंय म्हणून मी दोन घेतल्या," काका म्हणाले. ते लादीकडे बघत होते. "बाटली बॅगेत सापडली तेव्हा वाटलं, चांग्यानेच भेट ठेवली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा... सगळे होते ना तिथे. ही होती. सून होती. अडुसष्ट वर्षांचा माणूस कसल्या ताकदीच्या गोळ्या खातो म्हणून सांगू?"

हॉस्पिटलातली ती नजर. भीती नव्हती ती. लाज होती.

काकूने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, हे मी विचारायला गेलो नाही.

"मला वाटलेलं, डायबेटिसची गोळी डायबेटिसवाल्यालाच लागते," चांगदेव म्हणाले. "बाकीच्यांना पाण्यासारखी जाईल. सोमवारी तो घरी पडला तेव्हा कळलं. मंगळवारी बाटली काढून घ्यायला आलो, सापडली नाही. कानटोपीत कोण शोधेल, मे महिन्यात? म्हटलं, हॉस्पिटलात आहे तोवर सुरक्षित आहे. आज बोलणार होतो."

"सोमवार ते शुक्रवार, चांगदेव," मावशी म्हणाल्या. "घरात सगळे एकमेकांवर संशय घेत बसलेले. पाच दिवस."

यावर माझ्याकडे विनोद नाही.

"आणि तुमच्या स्वतःच्या गोळ्या?" मावशींनी पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि चांगदेवांचं बोट टोचलं. "आठ दिवस नाहीत पोटात. तहान. चार किलो उतरलं. आणि बाथरूममध्ये मुंग्यांची रांग, बायजाबाई. ती फिनेलने जात नाही. साखर जिथे सांडते तिथे मुंगी येते."

यंत्राने आकडा दाखवला नाही. एवढ्या वरचे आकडे त्याच्यात नाहीत, एवढंच दाखवलं.

मी फोन काढून अँब्युलन्सला पत्ता सांगायला लागलो. चांगदेवांनी रिकामा कप पुढे केला.

"आणखी एक चहा मिळेल का?" ते म्हणाले. मग बायजाबाईंकडे बघितलं, पाच वर्षांत पहिल्यांदा सरळ. "बिनसाखरेचा."

बायजाबाई उठल्या. टीपॉयवरचं साखरेचं भांडं उचललं, छातीशी धरलं आणि आत गेल्या. आतून आवाज आला, "आठ गुलाबजाम! माझ्या हाताने वाढलेत मी!" आणि मग भांडं आपटल्याचा.

चांगदेव माझे दोनशे तेरावे. दोनशे बारावे काका. तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायला तीस मैल समुद्रापेक्षा जास्त वेळ लागला, कारण काका ऐकेनात. जिन्यात स्ट्रेचरचा एक दांडा त्यांनीच धरलेला. आता दोघेही ठीक आहेत. हॉस्पिटलात काकांनाही खबरदारी म्हणून ठेवून घेतलं, दोघांना शेजारच्या खाटा मिळालेल्या, पण रात्री इतर रुग्णांनी तक्रार केली म्हणून वेगळं केलं.

त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसात जाऊन मी भेंडी खाल्ली आणि पुढचा अर्ज टाइप केला.

प्रति,
मा. प्रमुख, सागरी रुग्ण स्थलांतर विभाग.

विषय: फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, चौदाव्या रकान्यातील ‘रुग्ण इतर काही औषधे घेतो काय?’ या प्रश्नास पत्नीच्या उपस्थितीत मिळालेले उत्तर यापुढे ग्राह्य धरण्यात येऊ नये. सबब, सदर प्रश्न विचारण्यापूर्वी रुग्णाच्या पत्नीस, ती साडी नेसलेली असल्यास योग्य ती काळजी घेऊन, जहाजापासून किमान एक सागरी मैल अंतरावर नेऊन ठेवण्यात यावे, त्याकरिता प्रत्येक जहाजावर एक स्वतंत्र हेलिकॉप्टर कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावे, व जमिनीवरील रुग्णांच्या सोयीसाठी तसेच एक हेलिकॉप्टर ठाकुर्ली पूर्व येथे, आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीशेजारी, सर्व दिवस उपलब्ध ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सि. दांडेकर